चौकटीतल्या दोन ओळींत राहून गेलेली दोन माणसं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत महाभियोगावर जो लेख आलाय तो मी इथे नॉर्थ कॅरोलायनात, मुलीच्या घरी बसून फोनवर वाचला. लेख चांगला आहे, सोप्या भाषेत आहे. पण त्यातल्या चौकटीत इथल्याच, नॉर्थ कॅरोलायनाच्या, एकेकाळच्या गव्हर्नरचं, विल्यम वुड्स होल्डनचं नाव आहे आणि त्याच्यापुढे फक्त दोन ओळी आहेत, की अमेरिकेत महाभियोगाने पद गेलेला हा पहिला गव्हर्नर आणि लोकांना बेकायदा अटक केली म्हणून १८७० मध्ये त्याला काढलं. एक तर साल चुकलंय. खालच्या सभागृहाने आरोप ठेवले डिसेंबर १८७० मध्ये, पण सिनेटने दोषी ठरवून काढलं ते २२ मार्च १८७१ ला. पण नुसत्या सालासाठी मी एवढं मोठं पत्र लिहायला बसलो नसतो.

मी एकतीस वर्षं कोर्टात नोकरी केली, अटकेचे कागद रोज हाताखालून जायचे. अटकेच्या कागदाच्या खाली दुसरा एक कागद असतोच, फिर्यादीचा, आणि तो फायलीतून गळाला तर अटक नेहमीच जुलमासारखी दिसते, मग ती कितीही रास्त असो. तुमच्या चौकटीतून नेमका तोच कागद गळालाय. होल्डनने माणसं धरली, बरोबर, पण कशासाठी धरली? दोन खून झाले होते. मेलेल्यांची नावं वायट आउटलॉ आणि जॉन स्टीफन्स. ही दोन नावं सोडून होल्डनबद्दल काही लिहिणं मला पटत नाही.

आउटलॉ हा ग्रॅहम गावातला, अलामन्स काउंटीतला. इथे रॉलीहून, म्हणजे राज्याच्या राजधानीहून, गाडीने तासाभरावर आहे, मी मुद्दाम जावयाला घेऊन गेलो होतो. यादवी युद्ध १८६५ ला संपलं, गुलामी गेली, १८६८ मध्ये काळ्या पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला आणि आउटलॉ ग्रॅहमच्या नगर मंडळावर गेला, शिवाय गावचा कॉन्स्टेबल झाला. धंद्याने सुतार. काळ्या मतदारांची युनियन लीग म्हणून संघटना होती तिचा गावातला पुढारी, रात्री गस्त घालणारा. म्हणजे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी टोळीच्या लोकांना नको असलेली प्रत्येक गोष्ट या एका माणसात होती. २६ फेब्रुवारी १८७० च्या रात्री तोंडं झाकलेले घोडेस्वार गावात आले, आईच्या आणि लहान मुलाच्या डोळ्यांदेखत त्याला घरातून ओढून बाहेर काढलं आणि चौकात, कोर्टाच्या इमारतीसमोर दिसेल अशा झाडाला फाशी दिलं. छातीवर चिठ्ठी लावली, की गुन्हेगारांनो सावध राहा, गोरे असा की काळे. सकाळी लोक बघत होते आणि कोर्ट समोर उभं होतं. पुरयर नावाच्या एका काळ्या माणसाने, जो जरा भोळसट होता, त्यातल्या काहींना मी ओळखलं असं सांगितलं, तर काही आठवड्यांनी त्याचंही प्रेत तळ्यात सापडलं.

त्या चौकात मी अर्धा तास उभा होतो. जुनी कोर्टाची इमारत आता नाही, आहे ती १९२४ ची आहे. तिच्यासमोर उंच खांबावर कॉन्फेडरेट सैनिकाचा, म्हणजे यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैनिकाचा, पुतळा आहे, १९१४ मध्ये उभारलेला. मी मान वर करून त्याच्याकडे बघितलं आणि मग खाली जमिनीकडे बघत राहिलो, कुठे असेल ते झाड म्हणून. जावई म्हणाला, बाबा चला. मला हलवेना.

आता होल्डन. हा माणूस साधा सरळ हिरो नाही हे मीच आधी सांगतो, कारण नाहीतर तुम्ही म्हणाल की वाचक एकांगी लिहितोय. जन्म २४ नोव्हेंबर १८१८, हिल्सबरोजवळ. आई प्रिसिला वुड्स, वडील थॉमस होल्डन, दोघांचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या काळात ते जन्मभर कपाळाला चिकटायचं, राजकारणात विरोधकांनी ते त्याला कधी विसरू दिलं नाही. दहाएक वर्षांचा असताना हिल्सबरोच्या छापखान्यात उमेदवारीला लागला, शाळा म्हणाल तर तीच, खिळे जुळवता जुळवता वाचायला शिकलेला पोरगा. पुढे वकिलीची सनद घेतली आणि १८४३ मध्ये, पंचविशीच्या आत, रॉलीच्या स्टँडर्ड नावाच्या पेपरचा संपादक झाला. तोपर्यंत व्हिग पक्षाचा होता, पेपर डेमोक्रॅटांचा, तर हा डेमोक्रॅट झाला. तिथून त्याच्यावर जो पलटी मारणारा म्हणून शिक्का बसला तो शेवटपर्यंत पुसला गेला नाही, आणि शिक्का सगळाच खोटा होता असं मी म्हणणार नाही. १८५० च्या दशकात राज्यांना फुटून निघायचा हक्क आहे असं जोरात लिहिणारा हाच. १८५८ मध्ये गव्हर्नरचं तिकीट मागितलं, पक्षाने दिलं नाही. मग ऐन फुटायची वेळ आली तेव्हा सुरुवातीला विरोधात आणि २० मे १८६१ ला अधिवेशनात फुटण्याच्या ठरावाच्या बाजूने. १८६३ पर्यंत पुन्हा मत बदललं, युद्ध गरिबांच्या जिवावर चाललंय, थांबवा, तह करा असं तो छापायला लागला, म्हणून सप्टेंबर १८६३ मध्ये जॉर्जियाच्या सैनिकांनी त्याचा छापखाना फोडला. दुसऱ्या दिवशी त्याच्या माणसांनी विरोधी पेपरचा छापखाना फोडला. १८६४ ला झेब्युलन व्हान्सच्या विरोधात गव्हर्नरपदाला उभा राहिला आणि पार आपटला.

युद्ध संपल्यावर अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने २९ मे १८६५ ला त्याला हंगामी गव्हर्नर नेमलं. तेव्हा जुन्या कॉन्फेडरेट लोकांच्या माफीच्या अर्जांची शिफारस त्याच्या हातात होती आणि त्यात आपला-परका केला असा आरोप झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत जोनाथन वर्थने त्याला पाडलं. आणि १८६८ मध्ये, काळ्या मतदारांच्या बळावर, रिपब्लिकन म्हणून तो रीतसर निवडून आला. ज्यांच्या बाजूने त्याने पंधरा-वीस वर्षं लिहिलं त्यांच्या नजरेत तो आता घरभेदी होता, आणि ज्यांची मतं त्याला मिळाली त्यांच्यातल्या कित्येकांना त्याच्या पेपरने कधीकाळी मालमत्ता मानलं होतं. त्या मतदारांनी काय विचार करून मत दिलं असेल ते मला खरंच समजून घ्यावंसं वाटतं, त्यांचं लिहिलेलं मात्र फार थोडं उरलंय.

१८६८ च्या राज्यघटनेबद्दल लोक बोलत नाहीत म्हणून दोन वाक्यं लिहितो. सहा ते एकवीस वयाच्या सगळ्या मुलांसाठी वर्षाला निदान चार महिने सरकारी शाळा, फाशीची शिक्षा फक्त चार गुन्ह्यांना, काउंटीचा कारभार निवडून आलेल्यांच्या हातात. शाळाखात्यात जेम्स हूड हा काळा धर्मगुरू वरच्या अधिकारपदावर होता. हे सगळं होल्डनच्या काळात सुरू झालं. आणि रेल्वेच्या रोख्यांचा घोटाळासुद्धा त्याच्याच काळातला, स्वेप्सन आणि लिटलफील्ड या जोडीने पश्चिमेकडच्या रेल्वेच्या नावाने राज्याला बुडवलं. होल्डनने स्वतः पैसे खाल्ले असं त्याच्यावर सिद्ध झालं नाही, पण नजर ठेवायला तो कमी पडला, यात मला शंका नाही.

आता मूळ मुद्दा, अटक. क्लॅनची दहशत १८६९ पासून वाढत चालली होती, फटके मारणं, घरं जाळणं, शाळामास्तरांना हाकलणं. साक्षीदार पुढे येईना, कारण ज्युरीत बसणारे तेच, काही ठिकाणी शेरीफच्या कचेरीतले तेच. होल्डनने लगेच बंदुका काढल्या असं अजिबात नाही. त्याने एकामागून एक जाहीरनामे काढले, ऑरेंज काउंटीत तर क्लॅनच्या लोकांमध्ये वजन असलेल्या माणसाला मधे घालून त्यांना समजावून बघितलं, अध्यक्ष ग्रँटला पत्र लिहून केंद्राची फौज मागितली. जानेवारी १८७० मध्ये विधिमंडळाने कायदा केला की एखाद्या काउंटीत कायद्याचं राज्य चालेनासं झालं तर गव्हर्नरने तिथे बंड झाल्याचं जाहीर करावं. शॉफनर कायदा म्हणतात त्याला, ज्या सिनेटरने मांडला त्याच्या नावाने, आणि त्या शॉफनरला जीव वाचवायला राज्य सोडून इंडियानात जावं लागलं. आउटलॉच्या खुनानंतर ७ मार्चला होल्डनने अलामन्समध्ये बंड जाहीर केलं. तरी फौज पाठवली नाही.

मग मे महिना. शेजारच्या कॅझवेल काउंटीत यान्सीव्हिल गाव, २१ मे १८७०, शनिवार. कोर्टाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर डेमोक्रॅट पक्षाची सभा चालू होती आणि स्टीफन्स, जो गोरा होता, रिपब्लिकन होता आणि राज्याच्या सिनेटवर निवडून आलेला होता, तो तिथे बसून टिपणं घेत होता. विरोधक त्याला चिकन स्टीफन्स म्हणून चिडवायचे, कोंबडीवरून झालेल्या जुन्या भांडणावरून. त्याने माजी शेरीफ वायलीला, जो डेमोक्रॅट होता, पुन्हा शेरीफसाठी उभा राहा, आम्ही पाठिंबा देतो असं सुचवलं होतं. वायलीने त्याला सभेतून खाली बोलावलं, चला बोलू म्हणून, तळमजल्यावरच्या एका खोलीत नेलं जिथे जळणाची लाकडं ठेवायचे. तिथे माणसं दबा धरून होती. आधी त्याच्याजवळची पिस्तुलं काढून घेतली, मग गळ्याला दोरी आवळली, मग सुरा खुपसला, खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली ओढ्यात टाकली. घरचे रात्रभर शोधत होते. रविवारी सकाळी कोणीतरी खिडकीतून बघितलं तेव्हा लाकडांच्या ढिगावर तो पडलेला दिसला.

भर दिवसा, कोर्टाच्या इमारतीत, वर सभा चालू असताना, निवडून आलेला सिनेटर. मी कोर्टात जन्म काढलेला माणूस आहे, मला त्या किल्लीचं फार लागतं.

यानंतर होल्डनने पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातून आणि पूर्व टेनेसीतून माणसं गोळा केली, त्यांच्यावर जॉर्ज कर्क या युद्धात उत्तरेकडून लढलेल्या कर्नलला नेमलं, ८ जुलैला कॅझवेलमध्येही बंड जाहीर केलं आणि कर्कने शंभरेक माणसं धरली. ती साधीसुधी माणसं नव्हती, त्या भागातले वजनदार लोक होते. होल्डनला त्यांच्यावर लष्करी पद्धतीने खटला चालवायचा होता. इथे त्याचं चुकलं, आणि मी ते लपवणार नाही. राज्याच्या घटनेत हेबियस कॉर्पसचा, म्हणजे धरलेल्या माणसाला कोर्टापुढे आणून अटकेचं कारण दाखवायला लावायचा, हक्क काढून घ्यायची मुभा नव्हती. राज्याचा सरन्यायाधीश पिअर्सनने रिट, म्हणजे कैद्यांना कोर्टापुढे आणायचा हुकूम, काढली, कर्कने मानली नाही, पिअर्सनने सांगितलं की न्यायालयाची ताकद इथे संपली. बर्गन नावाच्या अधिकाऱ्याने तर काही कैद्यांच्या गळ्यात दोरी घालून कबुलीजबाब काढायचा प्रयत्न केला, त्याला काय म्हणायचं. आणि जोसाया टर्नर, सेंटिनेल पेपरचा संपादक, जो रोज होल्डनला शिव्या घालत होता आणि हिंमत असेल तर धर मला असं लिहीत होता, त्याला ऑगस्टमध्ये हिल्सबरोत उचलला, जिथे बंड जाहीरच केलेलं नव्हतं. ही अटक तर कोणत्याच कायद्यात बसत नाही. जन्मभर स्वतः संपादक राहिलेल्या माणसाने संपादकाला उचलावं, आणि तेही स्वतःचा छापखाना फोडला गेल्यावर सात वर्षांनी, याचं मला वाईट वाटतं.

पण सुटले कसे ते बघा. आरोपींचे वकील केंद्राच्या न्यायालयात गेले, न्यायाधीश ब्रूक्सकडे, आणि १८६७ चा हेबियस कॉर्पसचा कायदा आणि चौदावी घटनादुरुस्ती पुढे केली. म्हणजे युद्धानंतर मुक्त झालेल्या काळ्या लोकांना राज्यांच्या जाचापासून वाचवायला जी हत्यारं काँग्रेसने घडवली, तीच. ग्रँटच्या सरकारने होल्डनला सांगितलं, कोर्टाचं ऐका. त्याने ऐकलं. बहुतेक सगळे सुटले. कर्कची माणसं घरी गेली. तोवर ४ ऑगस्टची निवडणूक होऊन गेली होती आणि विधिमंडळ विरोधकांच्या हातात गेलं होतं.

नव्या विधिमंडळाने आठ आरोप ठेवले. लेखकमहाशयांनी हे जरूर बघावं, की पहिल्या दोन आरोपांत, म्हणजे अलामन्स आणि कॅझवेलमध्ये बंड नसताना बंड जाहीर करून माणसं धरली या आरोपांत, त्याच सिनेटने त्याला दोषी ठरवलं नाही. दोन तृतीयांश मतं जमली नाहीत. दोषी ठरला तो बाकीच्या सहांत, टर्नरची अटक, रिट न मानणं, फौजेवर सरकारी पैसा खर्च करणं असल्या गोष्टींत. पद गेलं आणि राज्यात पुन्हा कुठलंही पद घ्यायची बंदी आली.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता, २० एप्रिल १८७१ ला वॉशिंग्टनमध्ये काँग्रेसने क्लॅनविरोधी कायदा केला आणि त्यात अध्यक्षांना हेबियस कॉर्पस स्थगित करायचा अधिकार दिला. ऑक्टोबरमध्ये ग्रँटने शेजारच्या साउथ कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत तो वापरला, केंद्राचं सैन्य घालून शेकडो माणसं धरली, आणि हे काम चालवणारा ॲटर्नी जनरल ॲकरमन हाच, ज्याने आदल्या वर्षी होल्डनला माघार घ्यायला सांगितलं होतं. मी या दोन तारखा कागदावर एकाखाली एक लिहून कितीतरी वेळ बघत बसलो होतो. होल्डनच्या हातात तो अधिकार नव्हता हे खरं, पण ज्यांच्या हातात होता त्यांना त्याने मार्च १८७० मध्येच हाक मारली होती. ती ऐकली असती तर स्टीफन्स वाचला असता की नाही ते देव जाणे.

पुढचं थोडक्यात. होल्डन वॉशिंग्टनला जाऊन पेपर चालवायला लागला, मग परत येऊन १८७३ ते १८८१ रॉलीचा पोस्टमास्तर होता, ते केंद्राचं पद, त्याला राज्याची बंदी लागू नव्हती. ज्या गावाने त्याला हाकललं त्याच गावाची पत्रं आठ वर्षं त्याच्या कचेरीतून वाटली जात होती. १ मार्च १८९२ ला वारला. ओकवूडच्या कबरस्तानात त्याची कबर आहे, मी बघून आलो, तिथेच कॉन्फेडरेट सैनिकांच्याही कबरी रांगेने आहेत. विधिमंडळाने क्लॅनच्या लोकांना पुढे माफीचा कायदा करून टाकला आणि आउटलॉच्या खुनासाठी एकालाही शिक्षा झाली नाही. होल्डनला राज्याच्या सिनेटने १२ एप्रिल २०११ ला ४८ विरुद्ध ० मतांनी माफी दिली, एकशे चाळीस वर्षांनी.

आणि स्टीफन्सचं काय झालं ते तर लेखकाने वाचलंच पाहिजे. जॉन ली नावाचा माणूस, कॅझवेलमधल्या क्लॅनचा म्होरक्या. १९१९ मध्ये त्याने सगळं लिहून दिलं, कोण कोण होतं, दोरी कोणी आवळली, सुरा कोणी मारला, किल्ली कुठे टाकली, आणि तो कागद राज्याच्या इतिहास आयोगाकडे बंद करून ठेवला, मी मेल्याशिवाय उघडायचा नाही या अटीवर. १९३५ मध्ये तो मेला तेव्हा उघडला. खोलीतल्या ज्या गोष्टी मी वर लिहिल्यात त्या त्या कागदातल्याच आहेत. १८७० च्या उन्हाळ्यात कर्कने ज्यांना धरलं होतं, ज्यांची धरपकड बेकायदा ठरली आणि ज्यांच्यासाठी गव्हर्नरचं पद गेलं, त्यांच्यात हा जॉन लीसुद्धा होता.

म्हणून विनंती अशी, की दुरुस्ती छापणार असाल तर सालाबरोबर त्या चौकटीत अजून एक ओळ घाला. वायट आउटलॉ, कॉन्स्टेबल, २६ फेब्रुवारी १८७०. जॉन स्टीफन्स, सिनेटर, २१ मे १८७०. जागा कमी पडत असेल तर होल्डनची एक ओळ कमी केलीत तरी माझी हरकत नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
(सध्या मुक्काम नॉर्थ कॅरोलायना)